जूनपुरती पाहुणी

दर जूनमध्ये, पुण्यात पाऊस आला-आला म्हणता हुलकावणी देत असतो तेव्हा, माझ्या मोबाइलवर इंग्लंडातल्या रेडिंगहून एक फोटो येतो. फोटोत माझ्या मावसबहिणीच्या गॅरेजची भिंत असते. म्हणजे असावी, दिसत नाही. दिसतात ती नुसती फुलं. आमटीच्या वाटीएवढी, गच्च पाकळ्यांची, ताज्या सोलकढीपेक्षा जरा गडद गुलाबी. फोटोखाली ताईचा एकच शब्द असतो : ‘आली.’

आली म्हणजे ‘कॉन्स्टन्स स्प्राय’. इंग्लंडातला एक वेल-गुलाब. जूनमध्ये येते, महिनाभर अंगण डोक्यावर घेते आणि जुलैत पाकळ्या झाडून निघून जाते. उरलेले अकरा महिने ताई नुसता पाला आणि काटे सांभाळत बसते. उन्हाळाभर पुन्हापुन्हा फुलणारे वेल-गुलाब तिथल्या कुठल्याही नर्सरीत मिळत असताना हा हट्ट कशाला, असं मी एकदा विचारलं. ताई म्हणाली, “तू हापूसला कधी विचारलंस का गं, डिसेंबरात का येत नाहीस म्हणून?”

या उत्तरानंतर मी त्या वेलीची कुंडली काढायला घेतली. फुलाची चौकशी करायला गेले आणि हाती लागलं ते असं : एक शेतकरी, राणीचं जेवण, एक गाजलेला राजीनामा आणि बाळंतिणीचा हिराबोळ.

बहिणीने दिलं पुस्तक, भावाने काढला गुलाब

डेव्हिड ऑस्टिन हा श्रॉपशरमधल्या आल्ब्राइटन गावचा शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १९२६चा. एकविसाव्या वाढदिवसाला बहिणीने त्याला जुन्या गुलाबांवरचं एडवर्ड बनियर्डचं पुस्तक भेट दिलं. (हे बनियर्डही भारीच गृहस्थ. गुलाबांवर लिहायचे तितक्याच प्रेमाने जेवणानंतर खायच्या फळांवर लिहायचे.) पुस्तक वाचून पोरगा बिघडला. शेती करता करता फावल्या वेळात गुलाबांचे संकर करू लागला.

तो काळ ‘हायब्रिड टी’ गुलाबांचा. उंच दांडा, टोकदार कळी, भडक रंग. आपल्याकडे लग्नाच्या स्टेजवर आणि फुलवाल्याच्या बादलीत उभा असतो तो हाच वर्ग. वर्षभर फुलतो, पण वासाच्या बाबतीत बऱ्याचदा हात आखडता. उलट जुन्या युरोपीय गुलाबांचा वास घरभर दरवळायचा आणि फूल कसं, तर पाकळ्यांची वाटी ठासून भरलेली. मात्र ते वर्षातून एकदाच फुलत आणि रंग गुलाबी, पांढरा, जांभळट यापलीकडे फारसे जात नसत. ऑस्टिनच्या डोक्यात आलं, की या दोघांचं लग्न लावून द्यावं. जुन्याचं रूप आणि गंध, नव्याचा रंग आणि बारमाही फुलणं.

मग त्याने ‘बेल इसिस’ नावाचा बेल्जियममधला जुना, फिकट गुलाबी गॅलिका गुलाब घेतला आणि त्याचा संकर ‘डेन्टी मेड’ या साध्या पाच पाकळ्यांच्या आधुनिक गुलाबाशी केला. कामाची पद्धत अशी : फूल उमलण्याआधीच त्याच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या फुलाचे पराग ब्रशने त्यावर लावायचे, मग फळ धरेपर्यंत वाट पाहायची. गुलाबाला फळं येतात हेच आपण विसरतो, कारण आपण फूल सुकायच्या आत तोडतो. ती फळं पिकली की बिया काढायच्या, थंडी द्यायची, पेरायच्या. आणि पुन्हा वाट पाहायची. आज ऑस्टिन यांच्या नर्सरीत दरवर्षी लाखांच्या हिशेबात रोपं तयार होतात. त्यांतली दोन-चारच, बऱ्याच वर्षांच्या चाळणीनंतर, नाव लावून बाजारात येतात.

या पहिल्या संकरातून आली ती कॉन्स्टन्स स्प्राय. साल १९६१.

पहिलाच डाव, निम्मा फसलेला

गंमत अशी, की ऑस्टिनला हवं होतं पुन्हापुन्हा फुलणारं झाड आणि हे फुललं वर्षातून एकदाच. वर झुडूप व्हायच्या ऐवजी ते वाढत सुटलं. भिंतीवर सोडलं तर सहज दीड-दोन पुरुष उंच जातं. म्हणजे परीक्षेच्या पहिल्याच पेपरात मुख्य प्रश्न सुटला नाही. पण फूल असं, की कोणी नापास करायची हिंमत करेना. सनिंगडेल नर्सरीने ते विकायला काढलं. तिथे तेव्हा ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस होते, जुन्या गुलाबांचे इंग्लंडातले सगळ्यात मोठे जाणकार.

मग ऑस्टिनने या एकदाच फुलणाऱ्या पोरीचे संकर बारमाही गुलाबांशी करत नेले. १९६९मध्ये त्याने स्वतःची नर्सरी काढली आणि पुन्हापुन्हा फुलणाऱ्या ‘इंग्लिश रोझेस’ची पहिली तुकडी आणली. त्यातली ‘वाइफ ऑफ बाथ’ ही आपल्या स्प्रायबाईंची नात. आज जगभर ज्या गुलाबांना ‘ऑस्टिनचे गुलाब’ म्हणतात, त्या घराण्याची आजी म्हणजे रेडिंगच्या गॅरेजवर चढलेली ही वेल.

चढावं की फुलावं

हे सगळ्यात चटकदार आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

गुलाबाच्या पेशीत एक जनुक असतो. त्याचं काम ब्रेकचं. वसंतातला बहर झाला की तो म्हणतो : पुरे आता फुलणं, फांद्या लांबव. रानटी गुलाबांत हा ब्रेक ठणठणीत असतो, म्हणून ते एकदा फुलतात आणि मग लांबच लांब काड्या फेकत वाढतात. चीनमधल्या काही बागांतल्या गुलाबांत मात्र केव्हातरी या जनुकात एक उपरा डीएनए-तुकडा घुसून बसला आणि ब्रेक निकामी झाला. झाड फुलतच राहिलं. फुलण्यात सगळी ताकद गेल्यावर लांबायला उरणार काय? म्हणून ते बुटकं, झुडपी राहिलं. आजचे बहुतेक बारमाही गुलाब त्या बिघाडाचे वारस आहेत. शास्त्रज्ञांनी या जनुकाचा छडा २०१२मध्ये जाहीर केला. ऑस्टिनचे आयुष्यभराचे बहुतेक प्रयोग तोवर होऊन गेले होते, नुसत्या डोळ्यांच्या आणि वहीतल्या नोंदींच्या जोरावर.

पुढचं तर आणखी मजेचं. कधीकधी त्या झुडपी, बारमाही गुलाबातून तो घुसखोर तुकडा निसटतो. ब्रेक पुन्हा लागतो आणि अचानक एक फांदी वेलीसारखी सुसाट सुटते. चीनच्याच ‘ओल्ड ब्लश’ या गुलाबाची वेल-आवृत्ती अशी तयार झाली. आणि त्या वेलीचं पुन्हापुन्हा फुलणं कमी झालं!

तेव्हा ‘उंच चढणारी’ आणि ‘एकदाच फुलणारी’ हे स्प्रायबाईंचे दोन वेगळे दोष नव्हतेच. ते एकाच ब्रेकचे दोन परिणाम. आणि बारमाहीपणा हा सुप्त गुण असल्याने पहिल्या पिढीत तो दिसणं कठीणच होतं. ऑस्टिनचा निकाल चुकीचा लागला नव्हता. मेंडेलच्या वाटाण्यांनी आधीच पेपर फोडून ठेवला होता.

‘बंगाल’चा म्हणे!

ते चिनी गुलाब युरोपात पोचले अठराव्या शतकाच्या अखेरीस. कंपनी सरकारच्या जहाजांतून, कोलकात्याला मुक्काम करून. तिथल्या वनस्पती उद्यानात थांबून पुढे गेले म्हणून फ्रेंच लोक त्यांना खुशाल ‘बंगाल गुलाब’ म्हणू लागले. त्याच्या आधी लिनियसने एका चिनी गुलाबाला ‘रोझा इंडिका’ नाव देऊन ठेवलंच होतं. टर्मिनसऐवजी मधल्या स्टेशनचं नाव गाडीला लागावं, तसा हा प्रकार.

पुढे यातलाच एक चिनी गुलाब हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर (तेव्हाचं बुरबाँ) एका दमास्क गुलाबाला भेटला आणि ‘बुरबाँ’ नावाचा वर्ग जन्मला. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ‘एडवर्ड’ म्हणून ओळखला जाणारा, गुलकंदात पडणारा, ज्याच्या खुंटावर डोळे भरतात तो गुलाब याच घराण्यातला. म्हणजे रेडिंगच्या गॅरेजवरची बाई आणि आपल्या गुलकंदातला एडवर्ड यांचं लांबून का होईना, नातं लागतं.

हिराबोळ की बडीशेप?

ऑस्टिनच्या गुलाबांचे वास ढोबळमानाने पाच प्रकारांत लावतात : जुना गुलाबी वास, चहासारखा, कस्तुरीचा, फळांचा आणि ‘मर’. या ‘मर’चा मान स्प्रायबाईंकडे जातो. मर म्हणजे आपला बोळ, हिराबोळ. ज्यांच्या घरी जुन्या पद्धतीचं बाळंतपण झालंय त्यांना तो उग्र, कडसर वास माहीत असेल. (बायबलातही बाळ येशूला भेटी आल्या त्यांत बोळ होताच. तान्हं बाळ आणि बोळ हे नातं जुनं आणि सर्वदूरचं दिसतं.)

पण ताईच्या अंगणात फुलात नाक खुपसून मी उभी राहिले तेव्हा मला बाळंतिणीची खोली आठवली नाही. आठवली हॉटेलच्या काउंटरवरची बडीशेपेची वाटी! गोडसर, गार, किंचित औषधी. हा वास बहुतेकांना बडीशेपेच्या अंगाने जाणाराच वाटतो. मग त्याला ‘बोळ’ का म्हणतात? एक खुलासा असा, की बडीशेपेच्याच कुळातल्या आणि तसाच वास असलेल्या एका युरोपीय वनस्पतीलाही जुन्या इंग्रजीत ‘मर’ म्हणत; गुलाबाला नाव त्यावरून आलं असावं. मला हा खुलासा पटतो. माझं नाक साक्षीला आहे.

या वासाबद्दल लोकांचे सरळ दोन पक्ष पडतात. एक म्हणतो स्वर्ग, दुसरा म्हणतो खोकल्याचं औषध. फणसासारखंच; मधला पक्ष नाही.

आणि एक कोडं : आई-बापांकडे पाहिलं तर असा वास यायला नको होता. गॅलिका गुलाब असे वास देत नाहीत. म्हणून ‘बेल इसिस’च्या पूर्वजांत कुठेतरी स्कॉटलंडकडचा ‘एअरशर’ वेल-गुलाब शिरला असावा, असा जाणकारांचा तर्क आहे, कारण त्या कुळात हा वास होता. घराण्यात अचानक घाऱ्या डोळ्यांचं मूल जन्मावं आणि म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहावं, त्यातलाच प्रकार.

जिचं नाव, ती बाई

खरी कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) ही फुलांची रचना करणारी बाई. पण त्याआधी पूर्व लंडनमध्ये ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती. कारखान्यांत काम करणाऱ्या पोरी तिथे शिकायला येत, आणि त्यांच्याबरोबर ती फुलं मांडायची. चाळिशी उलटल्यावर तिने लंडनमध्ये फुलांचं दुकान काढलं आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत धुमाकूळ घातला.

धुमाकूळ कसला, तर भाजीपाल्याचा! महागड्या लाल गुलाबांशेजारी तिने कोबीच्या जातभाईची, म्हणजे केलची पानं उभी केली. कुंपणावरच्या रानवेली, सुकलेल्या बोंडांच्या काड्या, शेवाळ, रानगवत, काहीही. फुलदाणीची सक्तीही नाही. हाताशी येईल ते भांडं चालेल. म्हणजे जे आपल्या आज्या गौरीपुढे तेरड्याच्या आणि आघाड्याच्या काड्यांनी करत आल्या, ते ती मेफेअरमध्ये करत होती. फरक एवढाच, की ती त्याचं बिल लावायची. १९३७मध्ये राजपद सोडलेल्या आठव्या एडवर्डचं वॉलिस सिम्पसनशी फ्रान्समध्ये लग्न झालं, त्याची फुलं तिनेच केली. राजघराण्यातलं नको ते लग्न! एवढं होऊनही सोळा वर्षांनी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीला जोडलेल्या मंडपातली आणि मिरवणुकीच्या मार्गावरची फुलं तिच्याकडेच आली.

आणि जेवणही! २ जून १९५३. परदेशी पाहुण्यांची साडेतीनशेच्या आसपासची पंगत. स्प्राय आणि तिची सहकारी रोझमेरी ह्यूम यांच्या पाककला शाळेने स्वयंपाक सांभाळायचा, वाढायला आणि रांधायला विद्यार्थिनी. ऐनवेळी गरम करत बसणं जमणार नाही म्हणून थंड चिकन ठरलं : मेयॉनेज, साय, जर्दाळूचा गर आणि चवीपुरती करी पावडर. नाव काय दिलं? ‘पुले रेन एलिझाबेत’. फ्रेंच! भारत स्वतंत्र होऊन सहा वर्षं होत आली होती, मसाला मात्र तिकडेच राहिला होता आणि आता फ्रेंच नाव लावून राणीच्या पाहुण्यांच्या ताटात उतरत होता.

आज तो पदार्थ ‘कॉरोनेशन चिकन’ या नावाने इंग्लंडातल्या सुपरमार्केटमधल्या सँडविचांत असतो. पिवळाजर्द, बेदाणे घातलेला. मी खाल्लाय. मूळ पदार्थाचं काय ते माहीत नाही, पण सँडविचातल्याबद्दल एवढंच म्हणेन, की हळद आणि साखर यांची एवढी घट्ट मैत्री बघवत नाही.

मेल्यानंतरही बाई स्वस्थ बसल्या नाहीत. २००४मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने तिच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. संग्रहालयाचे अध्यक्ष होते व्हॅक्यूम क्लीनरवाले जेम्स डायसन. डिझाइन म्हणजे यंत्रं, उपयोग, कारागिरी. फुलं मांडणं हे कसलं डिझाइन, असा त्यांचा वाद होता. संग्रहालय नुसत्या छानछोकीकडे झुकतंय, असं म्हणत त्यांनी राजीनामा दिला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईने कोबीच्या पानांनी एका उद्योगपतीची खुर्ची हलवली. लोकांनी मात्र प्रदर्शनाला गर्दी केली.

आणि गुलाबाचं? फॅशन हायब्रिड टीची होती तेव्हाही बाई जुने गुलाब गोळा करून वाढवत राहिल्या. म्हणून जुन्या रूपाच्या या नव्या गुलाबाला त्यांचं नाव. पण १९६०च्या जानेवारीत त्या जिन्यावरून पडून गेल्या. गुलाब बाजारात आला पुढच्या वर्षी.

चढत नाही, चढवावी लागते

‘क्लाइंबिंग रोझ’ हे नाव फसवं आहे. काकडीच्या वेलीला असतात तसे ताणे गुलाबाला नाहीत. घेवड्यासारखा तो आधाराला गुंडाळीही घालत नाही. तो नुसता लांबतो आणि दुसऱ्याच्या अंगावर रेलतो, काट्यांनी अडकून. आधाराशिवाय तो वेल नाही, आडवातिडवा पसारा आहे. भिंतीवर तारा ठोकून, सुतळीने हलकेच बांधून त्याला चढवावं लागतं.

बरं, तो काटाही शास्त्राच्या हिशेबात काटा नाही. लिंबाचा काटा ही बदललेली फांदी. आतल्या लाकडाशी जोडलेली, म्हणून मोडता मोडत नाही. गुलाबाचा मात्र सालीवर उगवलेला. अंगठ्याने आडवा दाबलात तर टक्‌ करून स्वच्छ निघतो. लहानपणी आम्ही तो थुंकी लावून नाकावर चिकटवायचो आणि गेंडा व्हायचो. स्प्रायबाईंच्या अंगावर अशा गेंड्यांची एक फौज तयार होईल इतके काटे आहेत. ताई छाटणीला निघाली की मेहुणे घरात जाऊन बसतात.

आता माळीकामातली सगळ्यात कामाची युक्ती. वेल सरळ उभी वाढू दिली तर फुलं फक्त शेंड्याला येतात आणि तुम्हाला खालून नुसती देठं दिसतात. फुलांची मजा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला. कारण शेंड्यातून खाली उतरणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. फांदी वाकवून आडवी बांधली की शेंड्याचा हा तोरा उतरतो, सगळे डोळे जागे होतात आणि प्रत्येकातून फुटवा निघून फूल येतं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना यात नवं काही वाटणार नाही. तारेवर आडवे ओलांडे घेणं म्हणजे हेच. ताई इंग्लिश पुस्तक वाचून तीन वर्षांनी जे शिकली, ते निफाडच्या कोणत्याही शेतकऱ्याने तिला फोनवर पाच मिनिटांत सांगितलं असतं.

छाटणीचंही तसंच, फक्त उलटं. बारमाही गुलाब हिवाळा सरताना छाटतात. स्प्रायबाईंची फुलं गेल्या वर्षीच्या काडीवर येतात, त्यामुळे हिवाळ्यात कात्री चालवलीत तर पुढचा जून तुम्हीच कचऱ्यात टाकलात. बहर संपला की लगेच, उन्हाळ्यातच छाटायचं. एका वर्षी ताईने उत्साहाने फेब्रुवारीत वेल साफसूफ केली. त्या जूनमध्ये फोटो आला नाही.

नावं ठेवावीत तर इंग्रजांनी

गुलाबांच्या नावांत ऑस्टिनने अर्धा इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यासक्रम संपवलाय. चॉसरची पात्रं, शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ, हार्डीची टेस. खुद्द शेक्सपिअर तर दोनदा : पहिला ‘विल्यम शेक्सपिअर’ गुलाब रोगाला बळी पडू लागला म्हणून ‘विल्यम शेक्सपिअर २०००’ काढावा लागला. सुधारित आवृत्ती!

‘मेरी रोझ’ हे कोणा मेरीचं नाव नाही. आठव्या हेन्रीचं १५४५मध्ये बुडालेलं लढाऊ जहाज, १९८२मध्ये समुद्रातून वर काढलं. पुढच्या वर्षी त्याचा गुलाब झाला.

त्याच वर्षीचा पिवळा ‘ग्रॅहम थॉमस’ ऑस्टिनचा सगळ्यात गाजलेला. २००९मध्ये जागतिक गुलाब संघटनांच्या मानाच्या यादीत जाऊन बसला. ज्यांच्या नर्सरीने स्प्राय बाजारात आणली, त्यांच्या नावाचा.

‘द जेनरस गार्डनर’ हाही वेल-गुलाब, फिकट गुलाबी, सुगंधी. इंग्लंडात १९२७पासून लोक आपल्या खासगी बागा तिकीट लावून परक्यांना दाखवतात आणि पैसे परिचारिकांच्या संस्थांना देतात. त्या योजनेला ७५ वर्षं झाली तेव्हाचा हा.

माझा लाडका मात्र ‘सेंट स्विदन’. हीही वेल, वासही बोळाचाच. विंचेस्टर कॅथेड्रलच्या ९००व्या वर्षी, १९९३मध्ये आला. हा संत म्हणजे इंग्रजांचं मृग नक्षत्र : १५ जुलैला, त्याच्या दिवशी, पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडणार, असं तिथले लोक पिढ्यान् पिढ्या म्हणत आलेत. आपल्याकडे नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, ते तरी पाहावं लागतं. त्यांनी एका संतावर भागवलं.

आणि पैशांचं बोलायचं तर ‘ज्युलिएट’. २००६च्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये दाखवलेला हा जर्दाळू रंगाचा कटफ्लॉवर तयार करायला पंधरा वर्षं आणि तीस लाख पौंड लागले म्हणतात. त्याच्यावर कधी आजीसारखी बडीशेपेची वाटी उपडी झालेली नाही.

भिंत बघायची असेल तर

हॅम्पशरमधलं मॉटिसफाँट. नॅशनल ट्रस्टची मालमत्ता. जुन्या मठाची, उंच विटांच्या भिंतींनी वेढलेली भाजीची बाग होती, तिथे १९७०च्या दशकात ग्रॅहम थॉमस यांनी आपले जुने गुलाब आणून लावले. त्या भिंतींवरून, कमानीभोवती स्प्रायबाई पसरल्या आहेत. ताई मला मुद्दाम जूनमध्ये घेऊन गेली होती, संध्याकाळी. तिथे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून गुलाबांच्या हंगामात बाग उशिरापर्यंत उघडी ठेवतात. वास गार झालेल्या हवेत भिंतींच्या आत अडकून राहतो. आत गेल्या गेल्या एका छोट्या इंग्रज मुलाने मोठ्याने विचारलं, “इथे कोणी टूथपेस्ट सांडलीय का?” विरोधी पक्षातला असावा.

पुण्यात लावू का?

नका. एकदा फुलणारे हे युरोपीय गुलाब कळी धरायला खरीखुरी थंडी मागतात. आपल्या पुण्याची थंडी म्हणजे पहाटेची शाल. दहा वाजता काढून ठेवायची. रोप जगेल, चढेल, काट्यांनी मेहुणे पळवेल. फुलायचं मात्र मनावर घेईलच असं नाही. वर पावसाळ्यात काळे ठिपके आणि नंतर भुरी यांची पूजा वेगळी.

उष्ण हवेसाठी वेगळं रक्त लागतं आणि ते आपल्याकडे आहे. मणिपूरच्या डोंगरांत ‘रोझा जायगँटिया’ नावाचा रानगुलाब आहे, झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाणारा, थोराड पांढऱ्या फुलांचा. १८८२मध्ये सर जॉर्ज वॉट यांनी तो टिपला. आपल्या पाणथळ भागातला ‘रोझा क्लिनोफिला’ उन्हाला आणि पाण्यात उभं राहायलाही डरत नाही. कोडाइकॅनॉलमध्ये वीरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने वर्षानुवर्षं याच दोघांच्या जोरावर उष्ण प्रदेशातले गुलाब तयार केले. वीरू मूळचे सनदी अधिकारी. फायली सोडून परागांच्या नादी लागले. ऑस्टिनचाच भाऊबंद, फक्त चहाचा कप वेगळ्या डोंगरावर.

पाकळ्यांचं काय करता?

गेल्या वर्षी जुलैत ताईने गॅरेजसमोर पडलेला ढीग बघितला आणि तिला राहवेना. तिची वेल औषधं न मारता वाढवलेली. तिने ताज्या पाकळ्या तोडल्या, खडीसाखर कुटली आणि बरणी भरून खिडकीत ठेवली. इंग्लंडच्या उन्हात गुलकंद मुरायला लागला किती, तर आमच्याकडे गणपती येऊन गेले.

दिवाळीत येताना तिने छोटी बाटली आणली. माझ्या सासूबाईंनी बोटभर चाटून बघितला, पुन्हा चाटला आणि म्हणाल्या, “गुलकंद बरा झालाय हो. पण त्यात बडीशेप आधीच घालायची काय घाई होती?”